पाती न निघणारे यंत्र मी का निवडले

गुरुजी,

माझे नाव आपल्या हजेरीपटात अकराव्या ओळीवर होते तेच आहे. ते येथे पुन्हा लिहीत नाही; ज्या कामाची हकीकत पुढे सांगावयाची आहे त्या कामाशेजारी ते लिहिण्याची मला किळस येते. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण. धंदा शेती, केळी बारा एकर व कापूस तीन एकर. राहणार फोपनार, जिल्हा बऱ्हाणपूर. शिवारात माझ्या शब्दाला मान आहे. बांधाचा तंटा असो वा सोयरीक असो, मला विचारल्यावाचून लोक पुढे जात नाहीत. मी पूर्ण शुद्धीवर असून चष्मा लावून स्वहस्ते लिहीत आहे. हकीकत अशी की, आम्हां आठ शेतकऱ्यांसाठी ट्रॅक्टरच्या मागे जोडावयाचे, फिरत्या पात्यांनी गवत व केळीची खोडे कापणारे एक यंत्र निवडण्याचे काम माझ्याकडे आले. ते मी निवडले. त्या यंत्राने माझ्या शेतातील रोग दुसऱ्यांच्या शेतांत नेऊन टाकला. हे एका व्यक्तीवाचून कोणालाही ठाऊक नाही. लागवड पंधरा दिवसांवर आली आहे, ते लोक त्याच जमिनीत पुन्हा केळी लावणार आहेत, आणि मी गप्प आहे.

अशा रीतीने सुरुवात करण्याचे कारण आपल्याला सांगावयास नको. आपल्या वर्गात ज्याच्या हातून चूक होई त्याला छडी खाण्यापूर्वी पाटीवर नाव, वय, राहणार असे क्रमाने लिहून मग घडले ते लिहावे लागे. इतर शाळांत मुले आधी रडत, आपल्याकडे आधी लिहीत. पाटी भरता भरता रडू जिरून जाई. माझे अक्षर वर्गात सर्वांत वळणदार होते, त्यामुळे माझी चूकसुद्धा देखणी दिसे; आपण एकदा छडी खाली ठेवून नुसते अक्षरच पाहत राहिला होतात. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो चांगला नव्हता, हे मला आता कळते.

ती विलीनीकरणाची वर्षे होती. संस्थाने गेली होती, प्रांत मोडून नवी राज्ये जोडली जात होती. आपण भिंतीवरच्या नकाशावर खडूने नवी सीमा काढीत असा आणि काही महिन्यांनी ओल्या फडक्याने ती पुसून दुसरी काढीत असा. "गाव जिथल्या तिथे आहे, रेघ मात्र हिंडते आहे," असे आपण म्हणालात आणि सारा वर्ग हसला. शेवटी रेघ आमच्या दक्षिणेकडून गेली आणि गाव हिंदी मुलखात राहिले. आपण रेघेच्या पलीकडे, खानदेशात, निघून गेलात. पुढची शाळा बऱ्हाणपुरात आणि हिंदीत होती. वडील म्हणाले, चार बुके झाली, पुरे. तेव्हापासून आपण दिलेली मराठी मी जशीच्या तशी जपली आहे. घरात नातवंडे हिंदीत भांडतात, सुना दोन्ही भाषा एकाच वाक्यात घालतात, आणि मी कोणाशीही बोलताना क्रियापद शेवटी नीट ठेवतो. लोक याला माझा ताठा म्हणतात. म्हणोत.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आपण आम्हांला मागच्या मोकळ्या जागेतील गवत कापावयास लावीत असा. भिंतीला खुंट्या, खुंट्यांना विळे. विळा परत टांगण्यापूर्वी आपल्याला दाखवावा लागे. आपण केळीच्या सुकलेल्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, एक धागा ओढून काढीत असा, दोन हातांत ताणून धरीत असा आणि म्हणत असा, "टेकव." धागा नुसता टेकताच तुटला तर विळा खुंटीवर, लोंबत राहिला तर पुन्हा दगडावर. माझा विळा कधीही परत गेला नाही. एके शनिवारी मात्र धागा तुटूनही आपण विळा खाली ठेवला नाहीत. तो उलटा धरून, जेथे पाते लाकडी मुठीत शिरते तेथला भाग, आपण माझ्या नाकाला लावलात. मागच्या आठवड्याचा गवताचा रस आणि माती तेथे साचून कुजली होती. "वास घे." मी घेतला. "आणखी घे." मी पुन्हा नाक टेकविले. "हा तू दुसऱ्याच्या हातात देणार होतास?" एवढेच विचारून आपण मला तो धुवावयास पाठविलेत. तरीही वर्षाच्या शेवटी आपण मला आपल्या खोलीवर बोलावलेत. चुलीवर आपण स्वतः भाकरी थापीत होता, पिठाच्या हातानेच फडताळातून धार लावावयाचा एक काळा दगड काढून माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, "वर्गात धारेची कदर तुला एकट्याला आहे." मी तो दगड दोन्ही हातांनी घेतला. तो आजही माझ्याकडे आहे आणि त्याकडे पाहणे मला नकोसे होते. कारण पुढे सांगतो.

आता यंत्राविषयी. केळीचा घड उतरविल्यावर पुरुषभर उंचीची खोडे शेतात उभी राहतात. पूर्वी बायका कोयत्यांनी ती तोडून बांधावर टाकीत. आता मजूर शहरात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जातात, कोयता कोणी धरीत नाही. म्हणून आम्ही आठ जणांनी मिळून यंत्र घेण्याचे ठरविले. ट्रॅक्टर माझ्या पुतण्याचा. तो चाळिशीचा, मनाने सरळ, बोलण्यात गडबड्या. बैठकीत तोच म्हणाला, "काकाच चॉइस करतीन. धारेतलं त्यायलेच समजते." सर्वांनी माना डोलावल्या. मी, जणू नाइलाज आहे अशा सुरात, बरे म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बऱ्हाणपूरच्या लालबागेत दुकानाकडे निघालो. वाटेत वेल्डिंगचे एक दुकान आहे आणि त्याच्या दाराशी एक म्हातारी खुर्ची टाकून बसलेली असते. ती आपल्या वर्गातील एकमेव मुलगी होय, लोहाराची, जिला आपण पहिल्या बाकावर बसविले होते. शाळेचे विळे तिच्याच बापाच्या भट्टीतून येत. भट्टी गेली, दुकान तिचा मुलगा चालवितो, आणि त्याने आमच्याच शिवारात घेतलेले दोन एकर तिच्या नावावर आहेत. आम्हां आठांतील आठवी तीच. तिची नजर आता अधू झाली आहे, पण माझी धोतरातली चाल तिला दुरून ओळखू येते. मला "अरे" म्हणणारे माणूस साऱ्या मुलुखात तेवढेच उरले आहे.

"काय रे अकरावा नंबर! कडक इस्तरी करून कुठे? सोयरीक पाह्यले चालला का?"

"यंत्र घ्यावयाचे आहे. तुला ठाऊक आहे," मी म्हणालो.

"हो, ऐकलं. आन निवडणार तू." ती पुतण्याकडे वळली. "पोरा, याले धारेतलं काय समजते? शाळेत याचा विळा माझा बाप घासून द्यायचा. हा फक्त गुरुजीपुढे धागा कापून दाखवायचा. इनाम बी मारलं यानं!"

दुकानातील कारागीर हसले, रस्त्यावरचा चहावाला हसला, पुतण्या तोंड फिरवून हसला. गुरुजी, ती खरे बोलली होती. शुक्रवारी संध्याकाळी मी विळा सदऱ्याखाली लपवून भट्टीवर नेत असे आणि मोबदल्यात तिला गणिते सोडवून देत असे. आपण दिलेला दगड मी फसवून घेतला आहे. साठ-पासष्ट वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती, आणि बोलली ती अशी, भर रस्त्यात, चहाच्या पेल्यांच्या खणखणाटात.

हशा ओसरल्यावर ती गंभीरपणे म्हणाली, "मजाक सोड, ऐक. रंग पाहू नको. पातं एका पान्यानं, उभ्या उभ्या निघते का, ते पाह्य. निघालं त घे. नाही निघालं त धारेले माझ्याकडे कसं आणशील? डोक्यावर घेऊन? आन खालून धुवाले मिळालं पाहिजे. केळीचा चीक लय वाईट."

मी धोतराचा सोगा सावरून पुढे निघालो. चालताना माझे कान तापले होते.

दुकानात दोन यंत्रे होती. पहिले साधे, मातकट रंगाचे. त्याच्या खालच्या चकतीवर दोन पाती, प्रत्येक पाते एकाच जाड बोल्टवर सैल झुलते. दगड लागला तर मागे वळते, तुटत नाही. पात्याला दोन्ही बाजूंनी धार, म्हणजे एक बाजू बोथटली की उलटून लावावे. वरच्या पत्र्याला मुठीएवढे भोक, त्यातून पाना घालून उभ्यानेच बोल्ट सैल करता येतो. पाती काढून लोहाराकडे न्यावीत, दोन्ही सारख्या वजनाची घासून आणावीत, दरम्यान मोकळा पत्रा पाण्याच्या फवाऱ्याने आतून धुवावा. मी वाकून हे सर्व पाहिले आणि मला सर्व समजले. दुसरे यंत्र लालभडक, दणकट, पुढे साखळ्यांची झालर. त्याची पाती एका अखंड पट्टीला पक्की जोडलेली, मधला नट खाली एका झाकणात बंद, झाकणाला बारा बोल्ट, आणि नट काढावयाचे हत्यार कंपनीच्याच माणसाजवळ. पाते पाहावयाचे तर यंत्र उचलून त्याखाली पाठीवर निजावे लागणार.

"दादाजी, इसमें हाथ लगाने का काम ही नहीं. सब पैक है," दुकानदार म्हणाला. "आप जैसे आदमी थोड़े ही नीचे लेटेंगे?"

पुतण्या माझ्या कानाशी आला. "काका, ते पहिलं वालं बरं वाटते. मावशी म्हणे तसंच वरून निकलते पातं."

मावशी म्हणे तसेच. गुरुजी, या तीन शब्दांवर आठ घरांची शेती पालटली. पहिले यंत्र घेऊन मी त्याच रस्त्याने परत आलो असतो तर ती म्हातारी खुर्चीतून ओरडली असती, "पाह्य, माझंच ऐकलं!" आणि तो चहावाला पुन्हा हसला असता. मी पुतण्याला म्हणालो, "मला शिकवू नकोस." दुकानदाराला म्हणालो, "लाल." दुकानदाराने माझ्या गळ्यात हार घातला, यंत्राशेजारी उभे करून फोटो काढला. परतताना मी दुसऱ्या रस्त्याने ट्रॅक्टर घ्यावयास लावला.

यापुढचेही लिहितो. आमच्या शिवारात रीत अशी आहे की, सामाईक वस्तू जो निवडतो त्याच्या शेतात तिची पहिली पाळी. ही मानाची पाळी. ती नाकारणे म्हणजे वस्तूत खोट आहे असे सांगणे. यंत्र आले, बायकांनी हळदकुंकू वाहिले, पूजेचा लाल नाडा बांधला, नारळ फुटला, आणि सर्व जण माझ्याकडे पाहू लागले. माझ्या शेताच्या खालच्या कोपऱ्यात त्या वेळी चार झाडे मर लागलेली होती. मर म्हणजे काय ते आपल्या काळी नव्हते. पाने कडेने पिवळी पडून खाली मोडतात, बुंधा उभा चिरतो, आणि कापून पाहिला तर आत पांढऱ्या गाभ्याऐवजी तांबूस-काळी वर्तुळे दिसतात. रोग मातीत राहतो, वर्षानुवर्षे राहतो. औषध नाही. चिखल, पाणी, अवजार, चपला, कशाबरोबरही तो पुढच्या शेतात जातो. कृषी खात्याचा माणूस येऊन सांगून गेला होता: रोगट झाड दिसले तर सर्वांना कळवा, जागच्या जागी जाळा, तेथे अवजार घालू नका, केळी पुन्हा लावू नका. मी सभेत पहिल्या रांगेत बसून मान हलविली होती.

परंतु माझी बाग पाहावयास परगावची माणसे येतात. माझ्या बागेत मर, हे शब्द मला उच्चारवेनात. मी जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून त्या चारही बुंध्यांच्या चिरांवर घट्ट गुंडाळल्या, जणू आधार दिला आहे, आणि वरून वाळकी पाने बांधली. मानाच्या पाळीला नको म्हणावयाचे तर कारण सांगावे लागले असते. मी नको म्हणालो नाही. पुतण्याला एवढेच सांगितले की खालचा कोपरा राहू दे. तो हसून म्हणाला, "अधुरं काम करू का काका? तुमची मानाची पाळी आहे, चकाचक करून देतो." आणि तो कोपऱ्यात शिरला. मी बांधावर उभा होतो. हात वर केला असता तर तो थांबला असता. मी हात वर केला, तो कपाळावर ऊन येऊ नये म्हणून धरल्यासारखा केला, आणि तसाच ठेवला. चार खोडे एकामागून एक खाली गेली. पत्र्याखालून ओला, फाटल्यासारखा आवाज आला. लोकांनी टाळ्या वाजविल्या.

मग यंत्र धुतले. म्हणजे काय केले? लाल पत्र्यावर चार बादल्या पाणी ओतले, नाडा सरळ केला. खाली कोण पाहणार? झाकण बंद, बारा बोल्ट. ते दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतात गेले, तिसऱ्या दिवशी त्याच्या पलीकडे. मग पाळीपाळीने, ज्याची कटाई होईल त्याच्याकडे. महिन्याभरात पाती बोथट झाली. खोड कापले जाण्याऐवजी कुटले जाऊ लागले, धागे दोरखंडासारखे पात्याच्या पट्टीला गुंडाळले जाऊ लागले, ट्रॅक्टर कण्हू लागला. प्रत्येक जण म्हणे, माझी पाळी आजची, पाते पुढचा पाहील. पुढचा म्हणे, आठ जणांचे यंत्र, मीच का खाली निजू? जेथे ते उभे राही तेथे माशा घोंगावत, आणि कुजलेल्या केळीचा तो आंबूस-गोड वास येई, ज्याने घास घशाखाली उतरत नाही. कोणी तक्रार केली की सारे माझ्याकडे पाहून मग दुसरीकडे पाहत. माझी निवड होती. वाईट कशी म्हणावी? माझ्या मानानेच त्यांची तोंडे बांधली होती.

पावसाळा उलटल्यावर शेजारच्या शेतात नव्या लागवडीची पाने पिवळी पडली. मग त्याच्या पलीकडे. मग आणखी एका शेतात. बैठक भरली. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी खताला, आणि शेवटी सर्वांचे एकमत झाले की रोपे पुरविणाऱ्याने रोगट रोपे दिली. "रोपवाल्यानं घात केला," शेजारी म्हणाला. रडवेला झाला होता. "या टायमाला दुसऱ्याकडून रोपं घेऊ, आन तिथंच परत लावू." त्यांनी माझे मत विचारले. मी म्हणालो, "रोपे पारखून घ्यावीत." हे वाक्य व्याकरणाने बिनचूक आहे आणि याहून घाणेरडे वाक्य मी जन्मात उच्चारलेले नाही. कारण माझ्या खालच्या कोपऱ्यात मी त्यापूर्वीच कापूस पेरला होता.

गेल्या महिन्यात शेवटची पाळी तिची आली. दोन एकर. सकाळी यंत्र तिच्या बांधाशी आले तेव्हा ती मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. मीही गेलो होतो. का गेलो? बोलेन असे घरून ठरवून गेलो होतो. बांधावर पोहोचल्यावर पुतण्याने मला खुर्ची दिली आणि मी बसलो.

तिने नाक वर केले. "थांबव. हे असं माझ्या वावरात येणार नाही. आधी खालून उघडा."

"मावशी, वारंटी जाईन ना!" पुतण्या म्हणाला.

"जाऊ दे. वारंटी लावून खोड कापणार आहे का?" तिने मुलाला खूण केली. त्याने जॅक आणला होता, लोखंड कापावयाचा गॅसही आणला होता. घरूनच तयारीने आला होता. यंत्र कुशीवर केले. नऊ बोल्ट पान्याने निघाले, तीन गंजून बसलेले कापले. झाकण सुटले आणि आतून वर्षभराचा कुजका लगदा भसकन खाली पडला. काळा, बुळबुळीत, अळ्यांनी वळवळणारा. पुतण्या बाजूला जाऊन ओकला. तिच्या मुलाने तोंडाला रुमाल बांधला. ती मात्र खाली बसली, पट्टीच्या मधल्या दांड्याला गुंडाळलेला धाग्यांचा वेढा तिने बोटांनी चाचपला, आणि हळूहळू त्यातून एक लांब चिंधी ओढून काढली. चिखलाने काळी झाली होती, पण किनार ओळखू येत होती.

"हे काय आहे रे?" तिने मुलाला विचारले.

"धोतर दिसते माय."

"काकांचंच असन," पुतण्या तोंड पुसत निष्पापपणे म्हणाला. "केळीले बांधतात ते."

तिने चिंधीची गाठ बोटांनी उलगडली. गाठीत दुमडलेला सोपटाचा तुकडा अडकला होता. तो तिने मुलाकडे देऊन विचारले, आतून रंग कसा आहे. तो म्हणाला, काळा. ती उठली, माझ्या खुर्चीपाशी आली, आणि इतरांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली, "बुंधा फाटला होता का रे?"

मी खुर्चीवरून लोंबणारी धोतराची किनार मुठीत घेतली.

"आन म्हणून खाली कापूस लावला का?"

मी यंत्राकडे पाहिले.  ती रागावली असती, हसली असती, तर मला काही उत्तर सुचले असते. ती फक्त चिंधी धरलेला हात स्वतःच्या अंगापासून दूर धरून उभी होती, जशी आपण मेलेली घूस उचलल्यावर धरतो. मग ती वळून म्हणाली, "यंत्र परत ने पोरा. माझं मी कोयत्यानं करून घेईन." पुतण्याने कारण विचारले. ती म्हणाली, "यालेच विचार." त्याने मला विचारले नाही. मला कोणी काही विचारीत नाही, मला फक्त माझे मत विचारतात.

ती कोणाला बोललेली नाही. मी रोज वाट पाहतो की कोणी येऊन अंगावर थुंकेल. कोणी येत नाही. येतात ते रामराम घालतात. काल शेजारी येऊन नवी रोपे ठरल्याचे सांगून गेला, जाताना पायाही पडला. तिन्ही रोगट शेतांतील जमीन नांगरून झाली आहे. मी बोललो तर ते थांबेल. तेथे केळी लावू नका, रोग मातीत आहे, तो माझ्याकडून आला. तीन छोटी वाक्ये, एकही जोडाक्षर अवघड नाही. मी ती कागदावर चार वेळा लिहून पाहिली आणि तोंडाने एकदाही म्हटली नाहीत. मग मी आपल्याला हे पत्र लिहावयास घेतले, आणि लिहिता लिहिता मला माझ्या अक्षराचा तिटकारा आला, कारण ते अजूनही वळणदार येत आहे.

आपल्याला देवाघरी जाऊन चाळीस वर्षे झाली. हे कोठे पाठवावयाचे नाही, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक होते. आपल्याला लिहिण्याचे खरे कारण हे की, आपण बैठक बोलावू शकत नाही.

वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. झाकण उघडतेवेळी हजर साक्षीदार: एक, माझा पुतण्या, ज्याने सर्व पाहिले आणि काही ओळखले नाही. दोन, लोहारणीचा मुलगा, ज्याने रंग सांगितला. तीन, ती स्वतः. पहिल्या दोघांच्या सह्या एखादे वेळी न वाचताही मिळतील. तिला अक्षर दिसत नाही. तिची सही घ्यावयाची तर हे सर्व तिच्यासमोर बसून, आवाज न दाबता, मोठ्याने वाचून दाखवावे लागेल, आणि वेल्डिंगच्या दुकानाच्या दाराशी नेहमी पाचसहा माणसे असतात. तिच्या सहीची जागा मी कोरी ठेवली आहे.